वडिलांचं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर मैत्रीच्या नेमबाजी स्पर्धेत वापरू का?

दापोलीकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबला आहे, पण हत्याराबद्दल अर्धवट लिहून अर्धवट सल्ला घ्यायला नको, म्हणून सगळं लिहिते.

आमच्याकडे वडिलांचं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. मार्क फोर, चार इंची नळी, सहा गोळ्यांचं, वरची कळ दाबली की बिजागरीवर मोडून उघडतं तसलं. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते रीतसर परवान्यावर घेतलं. घर सड्यावर, शेजार लांब, आणि आंब्याच्या हंगामात मजुरीची, गाडीभाड्याची रोकड घरातच असायची. ते सत्तरीचे झाल्यावर आर्म्स रूल्स २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे परवाना माझ्या नावावर झाला. हत्यार हाताळणीचं प्रशिक्षणही मी घेतलं आहे. शेतीसंरक्षणाची सिंगल बार बंदूक भावाकडे आहे, तिचा इथे संबंध नाही.

आता जिल्ह्यातले काही माजी सैनिक आणि परवानाधारक मिळून दिवाळीनंतर एक मैत्रीची स्पर्धा ठेवतायत. जागा परवाना असलेली रेंज, रेंज ऑफिसर हजर. बक्षीस काजूगराची पाकिटं. अंतर १५ मीटर, निशाण २५ मीटर प्रिसिजनचं, दोन हातांनी धरलं तरी चालतं. पाच-पाच गोळ्यांच्या तीन फेऱ्या संथ आणि चौथी फेरी वीस सेकंदांत पाच. नॉन-प्रोहिबिटेड बोअरचं, म्हणजे नळीच्या ज्या मापावर कायद्याने बंदी नाही असं कुठलंही पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर चालेल असं कळवलं आहे. मी कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवली आहे, हँडगनचा सराव नाही म्हटलं तरी चालेल. ओळखीचे एक जण त्यांचं नवं पिस्तूल वापरायला द्यायला तयार आहेत. पण वडिलांची फार इच्छा आहे की त्यांचंच रिव्हॉल्व्हर मी घेऊन जावं. त्यांचा हात आता थरथरतो, स्वतः चालवणं होत नाही, पण ते बघायला येणार आहेत. माझीही इच्छा तीच आहे.

विचारायचं ते असं. एक, इतक्या जुन्या रिव्हॉल्व्हरचं काय काय तपासून घ्यावं? दोन, वडिलांनी जपून ठेवलेला जुन्या काडतुसांचा एक खोका आहे. पितळेवर हिरवट डाग आलेत. ती वापरता येतील का? तीन, प्रशिक्षणात नवी काडतुसं वापरून १० मीटरवरून बार काढले तेव्हा गोळ्या एकमेकींजवळ पडल्या, पण सगळ्या खाली आणि डावीकडे. एका माहीतगाराने सांगितलं की पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, कानशीने थोडी घासून घ्या, गोळी वर येईल. मला ते करावंसं वाटत नाही, पण तेच बरोबर असेल तर तसं स्पष्ट सांगा.

---

खेडचा वकील

आधी कागद. परवान्यावर बोअर नेमका काय लिहिलाय ते वाचा आणि हत्यारावरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. वेब्लीचं मार्क फोर .३२ मध्येही आलं आणि .३८ मध्येही. दिसायला दोन्ही एकाच घडणीची, मात्र कायद्यात जमीन-अस्मानाचा फरक. .३८० किंवा .४५५ ची बुडाला कड असलेली फौजी काडतुसं ज्यात बसतात ते रिव्हॉल्व्हर प्रोहिबिटेड बोअर, मग ते कितीही म्हातारं असो. आमच्याच नात्यात एक .३८ एनफिल्ड होतं. घरातला कर्ता माणूस गेल्यावर ते जमा करावं लागलं. उत्तम अवस्थेतलं हत्यार होतं, अजून हळहळ वाटते. तुमचं .३२ असेल तर ती अडचण नाही.

दुसरं, परवान्याचं क्षेत्र. जिल्हा, राज्य की संपूर्ण भारत? रेंज त्या क्षेत्रात बसली पाहिजे. परवान्याची मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, पण तो कधी दिला यावर तुमची तारीख ठरते. आणि स्पर्धेच्या दिवसांत कुठल्या निवडणुकीची आचारसंहिता लागते का तेही बघा. लागली तर हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो, आणि तेव्हा स्पर्धेचं कारण कोणी ऐकणार नाही.

नेताना रिव्हॉल्व्हर रिकामं, कुलपाच्या पेटीत. काडतुसं वेगळ्या पिशवीत. मूळ परवाना सोबत, झेरॉक्सवर भागवू नका. संयोजकांकडून स्पर्धेचं पत्र घेऊन ठेवा, नाक्यावर गाडी थांबवली तर दोन मिनिटांत सुटाल.

जुन्या काडतुसांचं उत्तर दुसरे देतील, पण ती फेकायची नाहीत, पुरायची नाहीत, खाडीत तर मुळीच टाकायची नाहीत. ती परवान्यावर चढलेली आहेत. परवानाधारक डीलरकडे किंवा ठाण्यात नोंद करून द्या आणि पोच घ्या.

---

जुना आर्मरर, सावंतवाडी

ताई, जय हिंद. माझी सगळी नोकरी हत्यारं उघडण्यात आणि जोडण्यात गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

रिव्हॉल्व्हर जरूर वापरा. चांगलं वेब्ली १५ मीटरवर तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा अचूक मारतं. पण तपासल्याशिवाय एकही गोळी घालू नका.

उघडा, सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. मग उजेडात नळीवरचे आणि सिलिंडरवरचे शिक्के शोधा. मुकुट आणि त्याखाली एनपी ही अक्षरं असतील तर हत्याराची धूरविरहित दारूवर चाचणी झालेली आहे. बर्मिंगहॅमचा हा शिक्का वेब्लीवर बहुधा स्पष्ट दिसतो. नसेल, किंवा घासून गेला असेल, तर माहीतगार गनस्मिथला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता कळ. या घडणीचा सगळा जीव त्या वरच्या कळीत आणि खालच्या बिजागरीत असतो. बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरा आणि वर-खाली हलवून बघा. खटखट जाणवली तर कळ झिजली आहे. किंचित हालचाल जुन्या हत्यारात असते. पण कळीची रिकिबीसारखी कडी पूर्ण बसत नसेल, किंवा नळी आणि चौकट यांच्यामध्ये उजेडाची फट दिसत असेल, तर ते रिव्हॉल्व्हर कपाटात राहू द्या.

मग घोडा हळूहळू मागे ओढा, अंगठा त्यावरून काढू नका. घोडा अडकायच्या आत सिलिंडर जागच्या जागी पक्कं झालं पाहिजे. सहाही घरांना तसंच करून बघा. एखादं घर आळशी निघतं, घोडा अडकतो आणि सिलिंडर अजून अर्ध्या केसाने मागे असतं. तसं असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी घासून शिसं उडवते, शेजारच्याच्या हाताला लागतं. पुढे, घोडा चढवलेला असताना चापाला हात न लावता घोड्यावर अंगठ्याने मागून पुढे बेताने दाब द्या. तो सुटता कामा नये. सुटला तर घोडा अडकवणारी आतली खाच झिजली आहे आणि हे दुरुस्त केल्याशिवाय चालवायचं नाही. या सगळ्या खेळात रिकाम्या घरांवर घोडा आपटू देऊ नका. वेब्लीत काडतुसाच्या बुडाला टोचून बार उडवणारी टोचणी घोड्यावरच असते, ती तुटली तर नवी मिळवताना नाकी नऊ येतात. वापरलेल्या पुंगळ्या घरांत घालून मग चाप ओढा.

नळीत चट्टे असतील. कोकणात नसतील तरच नवल. थोड्या चट्ट्यांनी १५ मीटरवर काही बिघडत नाही. बघायचा तो फुगवटा. घट्ट बसणारी चिंधी गजाने एका दमात आरपार ढकला. मध्येच एका जागी हात सैल पडला तर तिथे नळी आतून फुगली आहे. कधीकाळी आत गोळी अडकलेली असताना दुसरी मारल्याची ती खूण.

आणि याच कारणासाठी तो जुना खोका वापरायचा नाही. हिरवट पितळ म्हणजे ओल पोचली आहे. ओलावलेल्या दारूचा बार पूर्ण जळत नाही, गोळी नळीत अर्ध्यावर थांबते, आवाज येतो नुसता 'फुस्स'. स्पर्धेच्या घाईत माणूस पुढचा चाप ओढतो आणि नळी फाटते. आवाज कमी आला की तिथेच थांबायचं, मोकळा हात वर, रेंज ऑफिसरला बोलवायचं. बार उडालाच नाही तर नळी निशाणाकडेच धरून निदान तीस सेकंद थांबा, मगच उघडा.

काडतूस घेताना दुकानात नीट बघा. तुम्हाला हवं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, रिव्हॉल्व्हरचं काडतूस. .३२ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस, ज्याला ७.६५ मिमी म्हणतात. ते लाँगच्या घरात बसल्यासारखं बसतं, म्हणूनच धोका. बार उडताना त्याचा कमाल दाब २०,५०० पीएसआय (दाबाचं एकक), लाँगचा १५,०००. नुसतं 'पॉइंट बत्तीस द्या' म्हणू नका. नवं काडतूस प्रत्येक घरात अलगद सोडा. बोट न लावता पूर्ण खाली गेलं पाहिजे, बूड बाहेर राहता कामा नये, आणि बंद केल्यावर सिलिंडर मोकळं फिरलं पाहिजे. हे करताना नळी सुरक्षित दिशेला, शक्यतो रेंजवरच.

माशी घासू नका. त्याबद्दल दोन प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं द्या. प्रशिक्षणात घोडा आधी चढवून मारत होता, की नुसता चाप ओढून? आणि नेम काळ्या वर्तुळाच्या मधोमध धरत होता, की खालच्या कडेला?

---

मालवणकिनारा

ताई, माझ्याकडे बापाशीची डबल बार आसा, वांदर आणि डुकरांसाठी. रिव्हॉल्व्हर नाय, पण खारी हवा तीच. म्हणान जपणुकीचा सांगतंय.

चामड्याच्या पाकिटात ठेवत असशात तर आजच काढा. चामडा ओल धरता, आणि पावसाळ्यात पाकिटाच्या आकाराचो गंज चढता. सुती फडक्यात गुंडाळा, पेटीत सिलिका जेलच्यो पुड्यो टाका, मिरगाआधी एकदा आणि पावसात अधूनमधून उघडून पुसा. खोबरेल लावू नका. आमच्याकडे म्हातारी माणसा सर्रास लावत. ता थंडीत थिजता, मगे चिकट होता आणि आतले कळये अडकतत. शिवणयंत्राचा पातळ तेल बरा, बंदुकीचा तेल मिळाला तर उत्तमच.

रेंजवरसून येलात की त्याच राती साफ करा. सकाळी बघू म्हणू नकात. हाताच्या घामाचा मीठसुद्धा पुरता. आणि जुन्या फौजी काडतुसांच्या बार पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचा. बार उडालो की नळीत मीठ रवता, ता तेलान जाणा नाय, पाण्यानच विरघळता. तशी काडतुसा कधी वापरलेली असली तर आधी गरम पाण्यान नळी धुवा, कोरडी करा, मगे तेल.

बाकी कपाटात ठेवन ठेवन हत्यार खराब होता. काढूक व्हयाच.

---

रत्नाग्री२५

माझं मत वेगळं आहे. वारसा आहे तो वारसा म्हणून जपावा. जुन्या पोलादाची, जुन्या स्प्रिंगची खात्री कोण देणार? व्हीसारखी वळवलेली ती पट्टीची स्प्रिंग एकदा तुटली की तसाच भाग शोधत हिंडावं लागेल. त्या ओळखीच्यांचं नवं पिस्तूल घ्या, त्याची माशी आणि नेमाची मागची खाच दोन्ही सरकवता येत असतील, गुण जास्त पडतील. वडिलांना रिव्हॉल्व्हर दाखवायला घेऊन जा, हवं तर.

---

जुना आर्मरर, सावंतवाडी

रत्नाग्रीसाहेब, स्प्रिंगचं तुमचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच घोडा चढवून ठेवून गप्पा मारत बसायचं नाही आणि उगाच टकटक करायचं नाही. पण तपासून निर्दोष निघालेलं हत्यार योग्य काडतुसावर वर्षाकाठी थोडे बार काढल्याने खराब होत नाही. मी नोकरीत गंजून गेलेली हत्यारं जितकी पाहिली तितकी चालवून झिजलेली पाहिली नाहीत. ताईंना गुण जास्त हवेत असं त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही. त्यांना हेच रिव्हॉल्व्हर नीट चालवायचं आहे.

---

नेमबाज_पनवेल

मी २५ मीटर पिस्तूल खेळते, त्यामुळे खेळाच्या बाजूने लिहिते.

.३२ एस अँड डब्ल्यू लाँगला जुनाट समजू नका. पुरुषांच्या २५ मीटर सेंटर फायर (टोचणी काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर बसते त्या हत्यारांच्या) प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंतची हत्यारं चालतात आणि वरच्या दर्जाचे बहुतेक नेमबाज हेच काडतूस निवडतात, सपाट तोंडाच्या वॉडकटर गोळीचं. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने ६०० पैकी ५९० करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, ती याच सेंटर फायरमध्ये. धक्का कमी, त्यामुळे हात लवकर जागेवर येतो. तुमच्या दुकानात मिळेल ती गोल तोंडाची शिशाची गोळी. तिने कागदाला फाटकं भोक पडतं, एवढाच फरक. भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला टेकली की वरचा गुण मिळतो, हे स्पर्धेआधी पंचांकडून पक्कं करून घ्या.

आता अडचण खरी कुठे आहे ते बघा. चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर जेमतेम पाच इंच. माशी खाचेत एक मिलिमीटरने सरकली तर १५ मीटरवर गोळी सुमारे १२ सेंटिमीटर सरकते. तुमच्या निशाणाचा काळा भाग २० सेंटिमीटर व्यासाचा, दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं. म्हणजे मधोमध नेम धरला असला तरी त्या एका मिलिमीटरने गोळी काळ्याच्या बाहेर. उलट हात निशाणावर थोडा हलला, पण माशी खाचेत मधोमध राहिली, तर फार नुकसान होत नाही. म्हणून नजर माशीवर. निशाण धूसर दिसलं तरी चालेल, किंबहुना धूसरच दिसलं पाहिजे. चाळिशीचा चष्मा असेल तर हात लांब केल्यावर माशी स्पष्ट दिसते का ते डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून नंबर करून घ्या. वाचायचा नंबर माशीला जवळचा पडतो.

जुन्या वेब्लीची माशी घासून घासून चकचकीत झालेली असते, उन्हात तिच्यावर तिरीप पडते आणि ज्या बाजूला चमकते त्याच्या उलट बाजूला गोळी जाते. आमचे जुने प्रशिक्षक कापूर पेटवून त्याची काजळी माशीवर आणि खाचेवर धरायचे. हत्यार रिकामं, उघडलेलं, तेल पुसलेलं, आणि काडतुसं त्या खोलीतसुद्धा नाहीत. वडी पेटवा, ज्योतीच्या टोकाच्या वर माशी क्षणभर धरा, मखमलीसारखा काळा थर बसतो. बोट लावू नका. स्पर्धा झाली की फडक्याने निघून जातो, हत्याराला ओरखडाही नाही. रंगापेक्षा कितीतरी चांगलं.

आणि एक धोक्याचं सांगते. दोन हातांनी धरताना पिस्तूलवाले डावा अंगठा पुढे लांबवतात. रिव्हॉल्व्हरला तसं केलंत तर सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून निघणारा वायू अंगठा भाजतो, कापतोसुद्धा. दोन्ही अंगठे सिलिंडरच्या मागे. वेब्लीची मूठ लहान, करंगळीला जागा पुरत नाही, ती मुठीच्या बुडाखाली दुमडून टेकवा.

---

दापोलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. मालवणकिनारा, रिव्हॉल्व्हर खरंच चामड्याच्या पाकिटात होतं, लगेच काढलं. वडिलांनीच सुती धोतराचं फडकं दिलं.

वकीलसाहेब, परवाना .३२ चाच आहे, क्षेत्र महाराष्ट्र राज्य. जुना खोका डीलरकडे देऊन पोच घेतली.

आर्मररकाका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. प्रशिक्षणात नुसता चाप ओढून मारायला लावलं होतं, कारण परवाना स्वसंरक्षणाचा. आणि नेम मी काळ्याच्या खालच्या कडेला धरत होते, एनसीसीत रायफलला तसंच शिकवलं होतं.

हत्यार गनस्मिथला दाखवलं. शिक्के ठीक, कळ घट्ट, नळीत तोंडाजवळ थोडे चट्टे, फुगवटा नाही. एका घरात घोडा चढवताना सिलिंडर किंचित उशिरा पक्कं होतं असं ते म्हणाले. सिलिंडर फिरवणारी आतली पट्टी मळाने जड झाली होती, साफ केल्यावर सहाही घरं सारखी झाली. काय ते आवाज! पूर्वी 'टक' ऐकू यायचं तिथे आता 'टिक' येतं, वडिलांनी बाजूच्या खोलीतून ओळखलं.

---

जुना आर्मरर, सावंतवाडी

मग तुमच्या माशीत काही दोष असेल असं मला वाटत नाही. काळं २० सेंटिमीटरचं. खालच्या कडेला नेम धरला तर जिथे नेम तिथेच मारणारं हत्यार मध्यापासून १० सेंटिमीटर खाली मारणार, ते त्याचं काम चोख करतंय. हे ठरावीक माशीचं स्वसंरक्षणाचं रिव्हॉल्व्हर, मधोमध नेम धरून मारायचं. आणि डावीकडचं म्हणाल तर उजव्या हाताच्या माणसाचा जड चाप बहुधा डावीकडे खाली ओढतो. घोडा चढवला की चापाचं वजन निम्म्याहून कमी होतं.

रेंज ऑफिसरना विनंती करून वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, घोडा चढवून, मधोमध नेम धरून पाच बार काढा. तेच दुसऱ्या मुरलेल्या माणसाकडून काढून घ्या. दोघांच्या गोळ्या एकाच बाजूला गेल्या तरच हत्याराचा दोष म्हणायचा. तेव्हाही आधी काडतूस बदलून बघा, कारण गोळीचं वजन बदललं की उंची बदलते. घासलेली माशी परत चढत नाही.

वेगाच्या फेरीसाठी: वीस सेकंदांत पाच म्हणजे दर गोळीला चार सेकंद, घोडा चढवायला वेळ आहे. उजव्या मुठीची पकड न सोडता डाव्या अंगठ्याने चढवा. आदल्या रात्री वापरलेल्या पुंगळ्या घालून याचाच सराव करा, भिंतीकडे तोंड करून, घरात एकही जिवंत काडतूस बाहेर नसताना. सहा घरं असली तरी पाचच भरा, घोड्याखालचं घर रिकामं ठेवून बंद करा. पुंगळ्या काढताना नळीचा रोख निशाणाकडे, हत्यार उजवीकडे कलतं करून एका झटक्यात पूर्ण उघडा. हळूहळू उघडलंत तर एखादी पुंगळी चांदणीच्या, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चकतीच्या, खाली घसरते आणि मग हत्यार ना उघडत ना मिटत.

---

दापोलीकरीण

स्पर्धा झाली, म्हणून कळवते. टेकवून मारल्यावर माझ्या आणि रेंज ऑफिसरच्या गोळ्या दोन्ही मधोमधच बसल्या होत्या, किंचित उजवीकडे म्हणता येईल इतक्याच. माशीला कानस लागली नाही. कापराची काजळी मात्र लावली, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात शेजारच्या दोघांनी ती कशी केली म्हणून विचारलं.

संथ फेऱ्यांत मी पहिल्या पाचांत होते. वेगाच्या फेरीत मागे पडले, शेवटची गोळी वेळेत सुटली नाही. पहिला क्रमांक कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरने मारला. तेही मोडून उघडणारं, वेब्लीच्याच घडणीवर बेतलेलं, त्यामुळे वडील त्या गृहस्थांशी बराच वेळ बोलत बसले. त्यांनी मग एक फेरी माझ्यामागे खुर्ची टाकून बघितली आणि प्रत्येक गोळीनंतर घड्याळाच्या काट्यांवरून जागा सांगितली, दुर्बिणीशिवाय. बहुतेक बरोबर होत्या.

आता पुढच्या खेपेला संयोजक जुन्या, ठरावीक माशीच्या रिव्हॉल्व्हरसाठी वेगळा गट ठेवायला तयार आहेत आणि नियम लिहायचं काम माझ्याकडे आलंय. काय काय घालू?

---

जुना आर्मरर, सावंतवाडी

फार चांगली बातमी. नियम थोडेच ठेवा. माशी आणि खाच मूळची, घासलेली किंवा डकवलेली नको. काजळी चालेल. चापाचं वजन हलकं केलेलं नको, निदान एक किलो उचललं पाहिजे. स्पर्धेच्या सकाळी प्रत्येक हत्याराची कळ, घोडा आणि सहाही घरं तपासल्याशिवाय गोळी मारायच्या रेषेवर येऊ देऊ नका, आणि नापास झालं तर मालकाचा मान राखून पण ठामपणे बाजूला ठेवा. काडतुसं त्याच वर्षी घेतलेली, खोक्यासकट दाखवायची. फेऱ्या सगळ्या संथ ठेवा, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. जुन्या स्प्रिंगांना घाई नको.

तपासणीला माणूस लागला तर मी येईन. एसटीने येतो, फक्त आदल्या दिवशी कळवा.

---

नेमबाज_पनवेल

एक भर. कानाचे संरक्षक आणि डोळ्यांचा चष्मा बघ्यांनाही सक्तीचा करा. फटीतून उडणारं शिसं मागच्या खुर्चीपर्यंत येऊ शकतं. आणि दापोलीकरीण, वेगाच्या फेरीतली ती शेवटची गोळी: पहिली गोळी मारायला फार वेळ घेतलात का? बहुतेकांचं तिथेच जातं. हात खाली असतानाच पहिला घोडा चढवायची परवानगी त्यांच्या नियमात आहे का ते विचारा.

---

दापोलीकरीण

हो, पहिल्या गोळीलाच वेळ गेला. घोडा आधी चढवायला परवानगी नाही, रेंज ऑफिसरांना ते सुरक्षित वाटत नाही आणि मलाही पटतं. मग हात वर येतानाच डावा अंगठा घोड्यावर ठेवून चढवायचा सराव सुरू केला आहे, पुंगळ्या घालून. काका, तारीख ठरली की इथेच टाकते. दापोली स्टँडवर भाऊ घ्यायला येईल, जेवायला घरीच यायचं.